स्क्रू बसला, हाड जुळलं, मग ब्रुनो अजून लंगडतो का?

पत्र:

ताई, आमचा ब्रुनो कॉकर स्पॅनिएल आहे, वय पाच. गेल्या मे महिन्यात एका दुपारी तो दिवाणावर झोपला होता. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, त्याने खाली उडी मारली आणि किंचाळला. उजव्या पुढच्या पायाचं कोपर मोडलं. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. एक आडवा स्क्रू आणि बाहेरच्या बाजूने प्लेट बसवली. दोन महिन्यांनी एक्स-रे काढला, तेव्हा हाड छान जुळलंय म्हणाले. आम्ही पेढे वाटले. आता आठ महिने झाले. सकाळी उठला की दहा-पंधरा पावलं लंगडतो, मग मोकळा होतो. रविवारी मिस्टर त्याला मैदानावर तासभर सोडतात, बॉल टाकतात. सोमवारी मात्र पाय टेकवत नाही. परवाच्या एक्स-रेत सांध्यात आर्थ्रायटिस सुरू झालाय असं कळलं. मुलगा म्हणतो ऑपरेशन फसलं, स्क्रू-प्लेट काढून टाका. सासूबाई तिळाच्या तेलाने मालिश करतात, कॅल्शियम देतात. सासरे चहाबरोबर बिस्किटं देतात. एका रात्री मिस्टरांनी अर्धी कॉम्बिफ्लाम दिली. वजन १३.८ किलो होतं, आता १७ आहे. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो पूर्वीसारखा होईल का? आणि मी तेव्हा हाक मारली नसती तर? रात्री तो दिवाणाच्या कडेवर हनुवटी ठेवून उभा राहतो. वर घेऊ की नको, तेही सुचत नाही.
एक वाचक, डोंबिवली

उत्तर:

ताई, त्या हाकेचं आधी बोलू, कारण पत्रभर तीच टोचतेय तुम्हाला.

धडधाकट कॉकर दीड फुटाच्या दिवाणावरून दिवसातून दहा वेळा उडी मारतो आणि शेपूट हलवत निघून जातो. पाच वर्षांच्या कुत्र्याचं कोपर तेवढ्यानं मोडलं, तर त्या हाडात आधीपासून चीर असण्याची शक्यता फार मोठी आहे. दंडाचं हाड कोपरापाशी येतं तिथे त्याचे दोन गोळे होतात, एक आतल्या अंगाला आणि एक बाहेरच्या. पिल्लू जन्मतं तेव्हा दोन्ही कूर्चेचे, म्हणजे मऊ, लवचीक पदार्थाचे असतात. दोन्हींत हाड वेगवेगळं धरत जातं आणि पिल्लू दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत ते एकजीव होतं. काही स्पॅनिएल कुत्र्यांत मधे उभी फट राहून जाते. आम्ही शिकलो तेव्हा एवढंच शिकलो होतो. पुढे असंही दिसून आलं, की पूर्ण जुळलेल्या हाडातसुद्धा मोठेपणी ताणाने अशी फट पडू शकते. अंगाचा भार चढतो तो बाहेरच्या गोळ्यावर, आणि त्याला वर जोडणारी हाडाची पट्टी आतल्या बाजूपेक्षा बारीक असते. म्हणून तुटतो तोही बहुतेक वेळा बाहेरचाच, आणि तुमच्या ब्रुनोला प्लेट बाहेरच्याच बाजूने बसली आहे. त्या दुपारी तुम्ही हाक मारली नसती, तर संध्याकाळी दाराची बेल वाजल्यावर तो उतरला असता. तुमच्या आवाजाने हाड मोडलेलं नाही.

हे मी नुसतं तुमच्या समाधानासाठी सांगत नाही. ही फट पुष्कळदा दोन्ही कोपरांत असते. त्यामुळे सर्जनकडे गेल्यावर पहिला प्रश्न डाव्या पायाचा विचारा: "याच्या डाव्या कोपरात फट आहे का?" साध्या एक्स-रेत ती सहज निसटते. किरण नेमक्या त्या फटीच्या रेषेत गेला तरच ती काळी रेघ होऊन उमटते. सीटी स्कॅनमध्ये स्वच्छ दिसते, आणि प्राण्यांचा सीटी आता मुंबई-पुण्यात होतो. फट सापडली म्हणजे लगेच त्याही पायात स्क्रू घालायचा असं नाही. त्या ऑपरेशनमध्ये जंतुसंसर्ग होणं, पुढे स्क्रू तुटणं हे धोके आहेतच, आणि कुत्रा त्या पायाने लंगडत नसेल तर नुसतं लक्ष ठेवणंही योग्य ठरू शकतं. पण उजवा पाय दुखतो म्हणून तो गेले आठ महिने डाव्यावर जास्त भार टाकतोय. तिथे काय आहे ते माहीत असलेलं बरं.

आता ऑपरेशन फसलं का, या प्रश्नाकडे येते. हाड जुळणं आणि सांधा बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेढे वाटले ते हाडाचे. मोठ्या कुत्र्याचं हाड दीड ते तीन महिन्यांत जुळतं, ब्रुनोचं जुळलं. पण हा मोड सांध्याच्या आतून गेला होता, म्हणजे ज्या गुळगुळीत कूर्चेवर दोन हाडं घसरतात तीच फाटली होती. सर्जनने कितीही नीट जुळवलं तरी ती कूर्चा पहिल्यासारखी होत नाही. कोपराच्या आतून मोडलेल्या बहुतेक कुत्र्यांच्या एक्स-रेत पुढे आर्थ्रायटिस दिसतोच. आणि तो एक्स-रेत किती दिसतो यावरून कुत्रा किती लंगडेल ते ठरत नाही. एक्स-रे पाहून मला धडकी भरावी आणि कुत्रा मात्र माझ्यासमोरून मजेत दुडक्या चालीने जावा, असं मी अनेकदा पाहिलंय. उलटही पाहिलंय. म्हणून ब्रुनोचं माप घ्यायचं ते त्याच्या दिवसावरून. किती चालतो, किती चटकन उठतो, दुसऱ्या दिवशी कसा असतो.

ते नीट पाहायला शिका. मोबाइल जमिनीपासून फूटभर उंचीवर धरून, घरातल्या कुणाला तरी ब्रुनोला पट्ट्याला धरून सावकाश तुमच्याकडे चालत आणायला सांगा आणि स्लो मोशनमध्ये चित्रण करा. डोकं बघा, पाय नको. दुखरा पुढचा पाय जमिनीवर टेकतो तेव्हा कुत्रा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकतो तेव्हा खाली झुकवतो. हे झुकणं किती आहे, ते दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच जागी टिपून ठेवा. जोडीला शिंप्याची टेप घेऊन दोन्ही दंडांचा घेर एकाच उंचीवर मोजा. उजवा बारीक लागेल. तो घेर भरत गेला तर पाय वापरात आहे हे समजायचं, मग बाकी कोण काय म्हणतं याला महत्त्व नाही. तुमच्या सर्जनलाही "थोडा बरा वाटतो" यापेक्षा असे सहा व्हिडिओ आणि सहा आकडे जास्त उपयोगी पडतील.

तुमच्या पत्रात माझ्या मते सगळ्यात मोठा अपराधी रविवार आहे. आठवडाभर बहुधा जिन्याखाली थोडा वेळ आणि रविवारी तासभर बॉलमागे धावाधाव. बॉल पकडायला कुत्रा जोरात धावतो आणि पुढचे दोन पाय रोवून थांबतो. सगळा दणका कोपरात. नुसता उभा असतानाही कुत्र्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, मग थांबतानाचा विचार करा. मिस्टरांना वाईट वाटेल, त्यांचा तो आठवड्याचा आनंद आहे, पण बॉल बंद. कायमचा म्हणेन मी. त्याऐवजी रोज तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटं, पट्ट्याला धरून, रविवारी जेवढं तेवढंच बुधवारी. आणि सावकाश. भरभर चालताना कुत्रा दुखरा पाय उचलून तीन पायांवर निभावून नेतो, सावकाश चालताना त्याला चौथा टेकवावाच लागतो. आठवडा असा गेला आणि सकाळचं लंगडणं वाढलं नाही, तर प्रत्येक फेरीत दोन-तीन मिनिटं वाढवा. वाढलं तर आधीच्या वेळेवर या आणि तिथे आठवडाभर थांबा. गळपट्टा काढून छातीला बसणारा हार्नेस घ्या, वर धरायला कडी असलेला. जिन्यावर तो लागणारच आहे.

मैदानावरचा वेळ मिस्टरांनी वाया घालवायचा नाही. गवतात त्याच्या जेवणातले दाणे पसरून शोधायला लावा. कॉकर ही नाकाने जगणारी जात. वीस मिनिटं वास घेतल्यावर तो धावल्याइतकाच दमून झोपतो. घरात झाडूच्या चार दांड्या जमिनीवर, ब्रुनोच्या अंगाच्या लांबीएवढं अंतर सोडून आडव्या ठेवा आणि त्याला सावकाश त्या ओलांडायला लावा. पाच फेऱ्या, दिवसातून दोनदा. दांडी ओलांडताना कोपर वाकतंच, आणि ते त्याने स्वतः वाकवलेलं असतं, तुम्ही ओढून नाही. निरोगी कुत्र्याचं कोपर इतकं वाकतं की मनगट जवळजवळ खांद्याला लागतं. ब्रुनोचं तेवढं वाकणार नाही. काळजी करू नका, चालायला तेवढा वाक लागतच नाही.

वजन. १३.८ वरून १७, म्हणजे सव्वातीन किलो जास्त. वरच्या ६० टक्क्यांच्या हिशेबाने दोन्ही पुढच्या पायांवर मिळून जवळजवळ दोन किलो, एका कोपरावर एक. उठता-बसता, चोवीस तास, साखरेची किलोची पिशवी त्या कोपराला बांधलेली आहे असं समजा. लंगडणाऱ्या लठ्ठ कुत्र्याचं वजन उतरवलं की औषध न बदलताही त्याचं लंगडणं कमी होतं, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरना पिल्लू असल्यापासून जोडीजोडीने वाढवलं होतं, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा एक चतुर्थांश कमी खायला देऊन. कमी खाणारे सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगले, आणि सांध्यांचा त्रासही त्यांना उशिरा सुरू झाला. सासऱ्यांना हे जरूर वाचून दाखवा. एका ग्लुकोज बिस्किटात साधारण २५ कॅलरी असतात. ब्रुनोला १४ किलोवर आणायचं तर त्याला दिवसाला सुमारे ५०० कॅलरी पुरतील. चहाबरोबरची चार बिस्किटं म्हणजे त्याच्या दिवसाच्या जेवणाचा पाचवा हिस्सा. त्यांचं देणं बंद करू नका, नाहीतर ते चोरून देतील आणि हिशेबच लागणार नाही. बिस्किटाऐवजी काकडीचा, गाजराचा तुकडा त्यांच्या हातात द्या. ब्रुनोला चहाच्या वेळी त्यांच्याजवळ बसणं हवं असतं. आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम उतरलं तरी पुष्कळ. चार-पाच महिने लागतील. नेमकं किती खायला घालायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या आणि काट्यावर तोलून घाला, वाटीने नको.

घरातली फरशी गुळगुळीत असेलच. त्यावर उठताना कुत्र्याचा पुढचा पाय बाहेर घसरतो आणि कोपर नको त्या दिशेला पिळलं जातं. जिथे तो झोपतो, खातो, वळतो, तिथे खाली रबर असलेल्या पट्ट्या नाहीतर जुनी योगा मॅट टाका. सतरंजी नको, ती त्याच्यासकट सरकते. आणि त्याचा पंजा उलटा करून बघा. कॉकरच्या पायांच्या गाद्यांमधून केस वाढतात, गाद्या झाकून टाकतात, आणि मग तो फरशीवर मोजे घालून चालल्यासारखा चालतो. ते केस दर तीन आठवड्यांनी कापा, नखंही. पाच मिनिटांचं काम, पण सकाळच्या त्या दहा पावलांत फरक पडेल.

जिना चढताना भार मागच्या पायांवर जातो, उतरताना पुढच्या. म्हणून चढू दे त्याला, सावकाश, हार्नेसची कडी हातात धरून. उतरताना शक्य असेल तेव्हा मुलाने उचलून न्यावं. एक हात छातीखाली, एक मागच्या मांड्यांखाली, कुत्रा आपल्या अंगाला टेकलेला. पुढचे दोन पाय धरून उचलायची सवय अनेक घरांत असते, ती मोडा. (ज्यांच्या घरी लहान पिल्लू आहे त्यांनाही हात जोडून सांगते: मुलांना पिल्लू कडेवर घेऊन फिरू देऊ नका, जमिनीवर बसून मांडीत घेऊ द्या. चार महिन्यांच्या पिल्लाचं कोपर मोडतं ते बहुतेक वेळा हातातून निसटून.)

कॉम्बिफ्लामबद्दल मात्र कडक बोलणार आहे. पुन्हा कधीही नाही. त्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन असतं. कुत्र्याच्या पोटाला ते माणसापेक्षा कितीतरी लवकर बाधतं. जठराला व्रण पडतात, काळी शी होते, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. एका अर्ध्या गोळीतून ब्रुनो सुटला, पण दुखतंय म्हणून चार रात्री दिली असती तर मला वेगळं पत्र आलं असतं. तेच डायक्लोफिनॅकचं. ज्यामुळे आपली गिधाडं गेली आणि २००६ साली जनावरांसाठी ज्यावर बंदी आली, तेच औषध आपल्या पाठदुखीच्या मलमांत असतं, आणि कोपरावर चोळलेलं मलम कुत्रा चाटून पोटातच घेतो. कुत्र्यांना चालणारी वेदनाशामकं आहेत, कार्प्रोफेन, मेलोक्सिकॅम वगैरे. ती डॉक्टरांनी वजन पाहून, यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी करून द्यायची असतात. आर्थ्रायटिसचा त्रास वाढलेल्या आठवड्यांत ती बिनदिक्कत द्यावीत. दुखतं म्हणून पाय वापरत नाही, वापरत नाही म्हणून स्नायू वाळतो, स्नायू वाळला की सांधा आणखी दुखतो. हे चक्र औषधानेच तोडावं लागतं. तो सोसतोय म्हणून त्याला दुखत नाही असं धरू नका.

कॅल्शियम बंद करा, त्याच्या हाडाला आता त्याची गरज नाही. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ सांध्यांना उपयोगी पडतं, डॉक्टरांना मात्रा विचारून द्या. त्याच्याही कॅलरी मोजा. सासूबाईंची मालिश चालू राहू दे, पण हात खांद्यावर आणि दंडाच्या मांसल भागावर फिरू दे, प्लेटवर आणि कोपराच्या हाडावर दाब नको. तेल अगदी थोडं, तेही तो चाटणारच. त्याआधी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं कोपराशी धरा. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, तिथे सुखद वाटली तरच. थंडीतल्या सकाळी उठल्या उठल्या हे केलं तर त्याची पहिली पावलं सैल पडतील.

स्क्रू आणि प्लेट विनाकारण काढायची नसते. धातू शरीरात जन्मभर राहू शकतो, आणि ब्रुनोच्या हाडात आधीपासून फट असेल तर तिथे तोच आडवा स्क्रू दोन गोळे एकत्र धरून ठेवतोय. काढायची ती ढिली झाली, हलली, तुटली किंवा तिथे जंतुसंसर्ग झाला तरच. आणि इथे मुलाच्या शंकेला मी हसणार नाही. तुम्ही लिहिलेलं लंगडणं, सकाळी आखडणं आणि चालल्यावर सुटणं, हे आर्थ्रायटिसचं लक्षण आहे. पण सोमवारी पाय टेकवतच नाही, हे माझ्या मनाला लागून राहिलंय. रविवार बंद करून दोन आठवडे पाहा आणि त्याच दरम्यान सर्जनला भेटा, थांबू नका. जुलैचा आणि परवाचा एक्स-रे शेजारी ठेवून त्यांना विचारा: स्क्रू त्याच जागी आहे का, त्याच्याभोवती हाड विरलंय का, तो वाकलाय का. कोपर गरम लागलं, सुजलं, जुन्या टाक्यांशी भोक पडून पाणी यायला लागलं, तो एकाच जागी चाटत बसला किंवा एकाएकी तीन पायांवर आला, तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नका. धातूभोवतीचा जंतुसंसर्ग वर्षभरानेही डोकं वर काढतो.

पूर्वीसारखा होईल का? बॉलमागे सुसाट धावणारा ब्रुनो बहुधा परत येणार नाही. थंडीत, पावसात सकाळची थोडी आखड राहील, वयाबरोबर वाढेलही. पण तासभर फिरणारा, जिना चढणारा, दारात उड्या मारणाऱ्या मांजरीवर भुंकणारा, पाहुण्यांच्या चपला पळवणारा ब्रुनो तुम्हाला मिळू शकतो, आणि वजन उतरलं तर उन्हाळ्यापर्यंत त्यातला बराचसा दिसायला लागेल. सगळं करूनही दुखणं वाढतच गेलं तर पुढचे उपाय आहेत, सांधा गोठवण्यापर्यंतचे, म्हणजे ऑपरेशनने तो कायमचा न हलणारा करण्यापर्यंतचे. ते बोलायची वेळ आज नाही.

राहिला दिवाण. वर घ्या त्याला. आठ महिने तो कडेवर हनुवटी ठेवून विचारतोय. पूजेचा जुना चौरंग असेल तर दिवाणाला आणि भिंतीला लागून कोपऱ्यात ठेवा, म्हणजे सरकणार नाही, आणि वर रबरी मॅटचा तुकडा चिकटवा. म्हणजे दीड फुटाची ती उंची दोन पायऱ्यांत वाटली जाईल. पहिले काही दिवस दाण्याची लालूच दाखवून चढायला शिकवा. चढणं तो दोन दिवसांत शिकेल. उतरणं शिकायला वेळ लागेल, कारण त्याला उडीची सवय आहे. उतरायच्या वेळी "थांब" म्हणा, छातीखाली हात घाला, चौरंगावर पाय टेकवू द्या, मग खाली. रात्री झोपताना हार्नेस काढा, पण दिवाणापुढच्या फरशीवर जाड गादी पसरून ठेवा, पहाटे तुम्ही झोपेत असताना तो एकटाच उतरेल तेव्हासाठी. आणि स्वयंपाकघरातून त्याला पुन्हा हाक मारायला लागा. फक्त तो दिवाणावर असेल तेव्हा आधी जवळ जा.